जावई उपटायचे दिवस

घारमावशीला हे नाव तिच्या डोळ्यांनी मिळवून दिलं होतं. तांदूळ निवडायला बसली तर खडा तिच्या हातून सुटायचा नाही, आणि नातेवाइकांत बसली तर कुणाच्या पोटात काय आहे तेही सुटायचं नाही. शेजारणी म्हणायच्या, मावशीशी खोटं बोलायचं असेल तर तिच्याकडे पाठ करून बोलावं. मावशीला हे ऐकून मनातून गुदगुल्या व्हायच्या. वरवर मात्र ती म्हणायची, "काय बाई तरी, माझं मेलीचं काय कौतुक." आणि पुन्हा एकदा कुणीतरी कौतुक करावं म्हणून तिथेच रेंगाळायची.

गावातल्या एकोणीस जणांनी मिळून भाताचं बियाणं तयार करायचा गट काढला, तेव्हा मावशीला कुणी विचारलंसुद्धा नाही. तिचं नाव गृहीतच धरलं होतं. त्याआधी लोक बाजारातून मिळेल ते बियाणं आणत. पोत्यावर चित्र एका जातीचं आणि आत तीन जाती. उगवलं तर उगवलं, नाही तर नशिबाला बोल लावायचा. गटाचे प्रमुख म्हणजे निवृत्त मास्तर. त्यांनी पहिल्याच बैठकीत फळ्यावर लिहिलं: एक खाचर, एक जात, एक उंची. आणि खडू ठेवून ते मावशीकडे बघत म्हणाले, "वहिनी, हे तुमच्यावर."

काम ऐकायला सोपं होतं. बियाणे केंद्रातून मूळ बियाणं आणून लावायचं. पीक निसवलं, म्हणजे लोंब्या बाहेर पडल्या, की ओळीओळीने फिरायचं आणि जे रोप बाकीच्यांसारखं नाही ते मुळासकट उपटायचं. उंच, बुटकं, आधी पिकलेलं, पानाचा रंग वेगळा असलेलं, कुणाची गय करायची नाही. एक राहिलं तर त्याचे हजार दाणे होतात, आणि ते कुणाच्या पोत्यात जातील याचा नेम नसतो. गुडघाभर चिखल, पाठीवर ऊन, कानात चिलटं, आणि डोळे मात्र लोंबीवरून हलवायचे नाहीत. तरणीताठी माणसं दुसऱ्या ओळीला कंटाळायची. मावशी संध्याकाळपर्यंत फिरायची आणि बांधावर येऊन विचारायची, "झालं एवढ्यातच?"

पहिल्या वर्षी गटाची साठ पोती गेली, दुसऱ्या वर्षी दोनशे दहा. एका संस्थेने बियाणं चाळायचं यंत्र दिलं. हिरव्या रंगाचं, माणसापेक्षा उंच, सुरू झालं की शेडचे पत्रे थरथरवणारं. सायकल दुरुस्तीचं जुनं दुकान रिकामं करून ते तिथे बसवलं. ते चालवायला मास्तरांनी मावशीचा जावई निवडला. तो गावातच राहायचा, हाताला यश होतं आणि तोंडाला कुलूप. उंच, काटक, मान जन्मतःच ताठ, आणि वरच्या ओठावर तांबूस रंगाची मिशी. ती रोज सकाळी आरशासमोर पीळ देऊन वळवण्यात त्याचा इतका वेळ जायचा, की मावशीची मुलगी म्हणायची, घरातल्या आरशाला माझा चेहराच आठवत नसेल.

तिसऱ्या वर्षी मावशीचे डोळे तिला फितूर झाले.

एकदम नाही. आधी सुईत दोरा जाईना, मग बसची पाटी पुसट दिसू लागली. मुलीने ओढून नेऊन चष्मा करवला. काळी जाड चौकट, निळी डबी. मावशीने तो घरी एकदा लावून पाहिला आणि डबीत ठेवून दिला. घार आणि चष्मा, लोक काय म्हणतील. भेसळ काढायच्या दिवसांत डबी तिच्या पिशवीत होती. बांधावर बसून तिने ती दोनदा उघडली आणि दोनदा बंद केली. एवढी वर्षं हे खाचर आपल्या डोळ्यांनी पाहिलं, आता काचेतून कशाला पाहायचं, असं तिने स्वतःलाच समजावलं. कालव्याच्या कडेच्या सहा ओळी तिच्या वाट्याच्या होत्या. ती नेहमीसारखी फिरली, नेहमीसारखी बांधावर आली, आणि नेहमीसारखं म्हणाली, "झालं एवढ्यातच?"

कापणी झाली, मळणी झाली, सगळं एका ढिगात गेलं. चार दिवसांनी मावशी कालव्याकडून येत असताना तिच्याच ओळीतल्या धसकटांत तिला एक लोंबी पडलेली दिसली. तिने ती उचलून डोळ्यांजवळ धरली. गटाच्या जातीला कुसळ नव्हतं, दाणा टोकाला गुळगुळीत. या लोंबीच्या दाण्यादाण्याला बोटभर तांबडं कुसळ होतं.

मावशी तिथेच खाली बसली. एक लोंबी इथे पडली म्हणजे बाकीच्या किती ढिगात गेल्या, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिने लोंबी दुमडली, चष्म्याच्या निळ्या डबीत ठेवली, आणि घरी गेली. त्या वर्षीच्या बियाण्याची पाचशे चाळीस पोती झाली. शेडसमोर बैलगाड्या, टेम्पो, सायकली अशी रांग लागली होती. मास्तर प्रत्येक पोत्यावर हात ठेवून म्हणत होते, "डोळे मिटून पेरा." मावशी त्या दिवशी डोकं दुखतंय म्हणून घरीच राहिली.

पुढच्या हंगामात व्हायचं तेच झालं. कालव्याच्या टोकाकडचा एक शेतकरी तांबड्या कुसळांची जुडी घेऊन आला आणि मास्तरांच्या टेबलावर आपटून म्हणाला, "हे डोळे मिटून पेरलं, आता उघडे ठेवून बघा." मास्तर संतापले, पण त्याच्यावर नाही. चूक आपल्या वहिनींच्या ओळीत असेल हे त्यांच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. मूळ बियाण्यातच भेसळ होती असं त्यांनी ठरवून टाकलं आणि केंद्राला तीन पानी पत्र लिहिलं. ते पत्र त्यांनी गटासमोर वाचून दाखवलं. मावशीने जमिनीकडे पाहत ते ऐकलं आणि तोंडातून शब्द काढला नाही.

शब्द काढला नाही, पण घरी बसणंही तिला जमेना. दुसऱ्या दिवशी तिने जावयाला मोटारसायकल काढायला लावली आणि त्या शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन उभी राहिली. या वेळी नाकावर चष्मा होता. काचेतून पाहिलं तर हिरव्या पिकात इथे एक, तिथे दोन, अशी तांबडी टोकं डोकं वर काढून उभी. आजूबाजूचे आठ-दहा जण जमले होते. शेतकऱ्याने सगळ्यांसमोर विचारलं, "मावशी, हे आहे तरी काय?"

मावशीने चष्मा नाकावर वर सरकवला. खरं सांगायची हिंमत नव्हती आणि गप्प बसायची सवय नव्हती. अशा वेळी माणूस विनोद करतो.

"हा जावई," ती म्हणाली.

"कोण?"

"जावई. बघा ना. सगळ्यांत उंच, मान ताठ, तांबडी मिशी. खतपाणी सगळ्यांच्या आधी घेतो आणि सुपात घालायची वेळ आली की चार दाणे. याला उपटायचा. मुळासकट, लाज न बाळगता."

हशा पिकला. दोघं बांधावरून घसरता घसरता राहिले. मावशीही हसली, आणि मग लोकांची नजर आपल्या मागे जातेय हे तिच्या लक्षात आलं. मागे मोटारसायकलला टेकून तिचा जावई उभा होता.  त्याने गाडीला किक मारली आणि निघून गेला. मावशी चार किलोमीटर चालत घरी आली.

दुसऱ्या दिवशी मुलगी आली ती फुरंगटूनच. "आई, त्यांनी मिशी काढली," म्हणाली, आणि चहा न घेता गेली.

त्यानंतरची दोन वर्षं मावशीने जे केलं ते कुणी सांगितलं नव्हतं. त्या पाचशे चाळीस पोत्यांपैकी जेवढ्यांचा माग लागला तेवढ्या शेतांवर ती गेली. बसने, टेम्पोने, पायी. चष्मा नाकावर, पदर खोचलेला. प्रत्येक ठिकाणी चिखलात उतरायची, जावई उपटून दाखवायची, आणि उपटून झाला की त्या घरच्या बाईला म्हणायची, "आता तू." मग आणखी सांगायची, की खाचराच्या मधलं पीक बियाण्यासाठी वेगळं ठेव, कडेचं घेऊ नकोस. वेगळं कापायचं, वेगळं झोडायचं, कडकडीत वाळवायचं. शंभर दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेव आणि किती उगवले ते मोज. लोकांना वाटायचं, काय ही बाई, विकलेल्या मालामागे एवढी कोण हिंडतं. मावशीला वाटायचं, अजून किती शेतं राहिली. मी म्हणेन, अपराधी मनाने जेवढी पायपीट होते तेवढी पगारावर कुणी करत नाही.

आणि या सगळ्याचा परिणाम गटाच्या विक्रीवर झाला. पाचशे चाळीसनंतर चारशे पोती गेली, त्यापुढे दोनशे साठ, आणि यंदा एकशे चाळीस.

यंदाचं पीक निसवलं आणि त्याच आठवड्यात संस्थेची मोजणीबाई आली. तिशीतली, केस आखूड, पायात चिखलाचे बूट, बोलणं मऊ. गट किती यशस्वी झाले ते मोजायचं तिचं काम होतं, म्हणून गावाने तिला मोजणीबाई केलं. तिच्याजवळ दहा रकान्यांचा तक्ता होता. दोन दिवस तिने शेडमध्ये बसून तो भरला, आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांना बोलावलं. एकोणीसच्या एकोणीस जण आले. कुणी पोत्यांवर, कुणी सायकल दुकानाच्या जुन्या बाकड्यावर. जावई यंत्राजवळ उभा होता, हातात तेलाचं फडकं.

"मी स्पष्टच सांगते," मोजणीबाई म्हणाली. "तीन वर्षं विक्री सलग घटली, तर नियमाप्रमाणे गट अयशस्वी. यंत्र चालू असलेल्या दुसऱ्या गटाला द्यायचं. एक तारखेला ट्रक येईल."

"यंत्राला कधी गंज लागू दिलेला नाही," मास्तर म्हणाले.

"यंत्राबद्दल तक्रार नाही, मास्तर. बियाण्याबद्दल आहे. लाल कुसळांची तक्रार नोंदलेली आहे, आणि त्यानंतरच विक्री पडत गेली. लोकांचा विश्वास उडाला असंच दिसतं."

"ती भेसळ केंद्राची होती."

"केंद्र नाही म्हणतं."

 सहा वर्षांपूर्वीचा मास्तरांचा खडू अजून फळ्याखाली होता. ते त्याच्याकडेच बघत बसले. शेडमध्ये कुणी कुणाकडे पाहीना. मावशी मागच्या पोत्यावर बसली होती, आणि तिला एकच दिसत होतं, की यंत्र गेलं तर गट गेला, आणि गट गेला तर तो आपल्या त्या सहा ओळींमुळे गेला. चष्म्याच्या डबीवरची तिची बोटं घट्ट झाली.

"विश्वास उडाला म्हणून नाही," ती बसल्या जागेवरून म्हणाली. "गरज उरली नाही म्हणून घेत नाहीत. त्यांच्याकडे त्यांचं आहे आता. आपल्याच बियाण्याचं, घरी राखलेलं."

"किती जणांकडे, मावशी?"

"बऱ्याच."

"बऱ्याच असा रकाना नाही माझ्याकडे," मोजणीबाई म्हणाली, पण कुत्सितपणे नाही. "ते तुमचंच बियाणं आहे हे मला कळणार कसं? भातावर काही नाव लिहिलेलं नसतं."

मावशी उठली. पुढे येऊन तिने निळी डबी टेबलावर ठेवली आणि उघडली. आतून चार वर्षांची वाळकी लोंबी निघाली, कुसळं अजून तांबडी.

"लिहिलेलं आहे," ती म्हणाली. "मी लिहिलंय. मास्तर, भेसळ केंद्राची नव्हती. माझ्या ओळीतली होती. मला दिसत नव्हतं आणि मी चष्मा लावला नाही. मळणी झाल्यावर ही सापडली. तेव्हाही मी बोलले नाही. तुम्ही पत्र लिहिलंत तेव्हाही नाही."

 मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "वहिनी," ते म्हणाले, "तीन वर्षं मी त्या केंद्रवाल्याशी बोलत नाही. समोरून आला तर रस्ता ओलांडतो."

"मला माहीत आहे."

"त्याच्या मुलीच्या लग्नालासुद्धा गेलो नाही."

"तेही माहीत आहे," मावशी म्हणाली, आणि तिला रडू आलं. तिने ते पदराने पुसलं आणि मोजणीबाईकडे वळली. बोलायचं अजून राहिलं होतं.

"तुम्ही कुठल्याही गावी जा. गावं तुम्हीच निवडा. आमच्या गटाचं नाव काढू नका, माझंही काढू नका. एवढंच विचारा, की पीक निसवल्यावर उपटून काय टाकता? जो म्हणेल जावई, त्याच्या घरी आमचं बियाणं आहे. तो शब्द माझा आहे. माझ्या तोंडून, घाबरून निघालेला."

"जावई?" मोजणीबाईने विचारलं.

मावशीने सांगितलं, बांधावरचा तो सगळा प्रसंग. सांगता सांगता तिचा आवाज खाली गेला, कारण जावई आठ हातांवर उभा होता. मोजणीबाईने विचारलं, "ते कुठे असतात?"

"मीच तो," जावई यंत्राजवळून म्हणाला. तीन वर्षांत या विषयावर त्याने काढलेला हा पहिला शब्द.

मोजणीबाईने त्याच्या गुळगुळीत ओठाकडे पाहिलं. "आणि मिशी?"

"काढली. सासूबाईंच्या कृपेने."

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकलं. मोजणीबाई मात्र हसली नाही. तिने ती लोंबी उचलून उजेडात धरली. मग तिने परिसरातल्या साठ गावांची नावं चिठ्ठ्यांवर लिहिली, मास्तरांच्या टोपीत टाकली आणि डोळे मिटून चौदा काढल्या. "बारा दिवस आहेत," ती म्हणाली. "निघाला तुमचा जावई तर निघाला."

पहिल्या दिवशी मावशीने हट्टाने बरोबर जायचं ठरवलं. मोजणीबाईने अट घातली, की जीपमधून उतरायचं नाही, काच खाली करायची नाही, आणि कुणाला खुणा करायच्या नाहीत. मावशी मागच्या सीटवर बसली, चष्मा नाकावर, हात मांडीखाली दाबलेले, न जाणो चुकून एखादी खूण होईल.

पहिल्या गावात मोजणीबाई बांधावर एका माणसाशी बोलली. त्याने मान हलवली, खांदे उडवले. दुसऱ्या घरीही तेच. ती जीपमध्ये येऊन बसली आणि वहीत एक फुली मारली. दुसऱ्या गावात तीन घरं झाली आणि आणखी एक फुली.  मावशीला वाटलं, सांगितलं नसतं तर निदान मास्तरांपुढे तोंड दाखवायला जागा राहिली असती. आता गटही गेला आणि तोंडही.

तिसरं गाव नदीपलीकडे होतं. जीप तराफ्यावर चढवून न्यावी लागली. या बाजूला मावशी जन्मात आली नव्हती. गटाचं एकही पोतं इकडे विकलेलं नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. रस्त्याकडेच्या खाचरात एक जाडजूड बाई वाकून काही करत होती. मोजणीबाई उतरली आणि तिच्याजवळ गेली. मावशी काचेला नाक लावून बघत होती. ऐकू काहीच येत नव्हतं. मोजणीबाईचे ओठ हलले. ती बाई सरळ झाली, चिखलाचा हात कमरेला पुसला, काहीतरी म्हणाली. मोजणीबाईने पुन्हा विचारलं. तेव्हा त्या बाईने मान ताठ केली, छाती पुढे काढली, आणि दोन बोटांनी आपल्या ओठावरच्या नसलेल्या मिशीला पीळ दिला.

मावशीने तोंडावर दोन्ही हात दाबले.

बाई आता खदखदून हसत होती आणि बांधाकडे हात करत होती. बांधावर उपटलेल्या रोपांचा छोटा ढीग होता. मोजणीबाईने त्यातलं एक उचललं आणि जीपकडे वळून उंच धरलं. तांबडी कुसळं उन्हात लांबूनही दिसली. मावशी चष्म्याआडून रडत होती आणि हसत होती, आणि काच काही तिने खाली केली नाही. शब्द म्हणजे शब्द.

"हिला बियाणं नणंदेने दिलं," जीप सुरू झाल्यावर मोजणीबाई म्हणाली. "नणंदेला तिच्या व्याह्यांनी. मापाला माप, बदल्यात. जावई का म्हणता विचारलं, तर म्हणाली, कुठल्याशा गावात कुणाचा तरी जावई म्हणे असाच होता."

"असाच आहे," मावशी म्हणाली. "पण गुणी आहे हो. मीच मेलीने..." आणि तिने तोंड खिडकीकडे वळवलं.

बारा दिवसांनी शेडमध्ये पुन्हा सगळे जमले. या वेळी पोत्यांवर जागा पुरली नाही, दाराबाहेरही लोक उभे होते. मास्तरांच्या शेजारच्या खुर्चीवर बियाणे केंद्राचा माणूस बसला होता. मास्तरांनी त्याला माफीचं पत्र लिहिलं होतं, तेही तीन पानी, आणि तो ते खिशात घेऊन स्वतःच आला होता. दोघं एकमेकांना पाणी पुढे करत होते आणि दोघंही पीत नव्हते.

मोजणीबाईने तक्ता उघडला. "चौदा गावं," ती म्हणाली. "त्यांतल्या अकरा गावांत जावई सापडला. बहात्तर घरी विचारलं, अठ्ठावन्न घरी तुमचं बियाणं आहे. यातल्या फक्त नऊ घरांनी ते कधीकाळी तुमच्याकडून विकत घेतलं होतं. बाकीच्यांना बहिणीने, शेजाऱ्याने, सासऱ्याने दिलं. प्रत्येक खाचरात मी दहा पावलं लांब आणि दहा पावलं रुंद जागा धरून कुसळं मोजली. एकेचाळीस खाचरांत एकही नाही. सगळी उपटलेली."

 कुणी टाळ्याही वाजवल्या नाहीत, कारण पुढचं ऐकायचं होतं.

"माझ्या दहा रकान्यांत यातलं काही बसत नाही. म्हणून साहेबांना विचारून मी अकरावा रकाना पाडला. ज्यांना पुन्हा बियाणं घ्यायला यावं लागलं नाही, अशी घरं. त्यात तुमचा गट सगळ्या गटांत पहिला आहे. ट्रक येणार नाही. यंत्र इथेच राहील. आणि पुढच्या हंगामात बाकीच्या गटांतली माणसं इथे शिकायला येतील, मावशींकडे."

मग मात्र जो गलका झाला त्याने पत्रे यंत्राशिवायच थरथरले. मास्तर केंद्रवाल्याच्या गळ्यात पडले, बहुधा चुकून, पण मग त्यांनी ते तसंच राहू दिलं. मावशी बसल्या जागी बसून राहिली.  आनंदाने एवढं दमायला होतं हे तिला ठाऊक नव्हतं.

"एक राहिलं," मोजणीबाई गलक्यावरून म्हणाली. "साहेब म्हणाले, जावई हा शब्द इथलाच कशावरून? सही करायच्या आधी त्यांना पुरावा हवा आहे."

"आणलाय," यंत्रामागून आवाज आला.

जावई पुढे आला. बारा दिवस तो शेडच्या मागच्या बाजूनेच येत-जात होता आणि तोंडावर फडकं बांधून काम करत होता. धूळ फार उडते, म्हणायचा. आता त्याने फडकं सोडलं. वरच्या ओठावर बारा दिवसांची, नखाएवढी, तांबडीलाल मिशी उभी होती. त्याने मान होती त्याहून ताठ केली आणि मोजणीबाईसमोर उभा राहिला.

"घ्या फोटो," तो म्हणाला. मग सासूकडे वळला. "आई, नदीपलीकडे माझं नाव पोचवलंत. माझ्या बापालाही हे जमलं नव्हतं."

मावशीने हात जोडले. त्याने ते धरले आणि खाली केले. मुलगी दारात उभी होती, ती म्हणाली, "झालं. आता पुन्हा आरसा यांचाच."

पुढच्या हंगामात पीक निसवलं तेव्हा खाचरात वीसेक पाहुणे ओळी धरून उभे होते. मावशी मधल्या ओळीत, चष्मा दोऱ्याने गळ्यात अडकवलेला आणि नाकावर चढवलेला. "ज्याला कमी दिसतं त्याने आत्ताच सांगा," तिने सुरुवातीलाच सगळ्यांना बजावलं होतं. "मी सांगितलं नव्हतं." तीन जणांनी लाजत खिशातून चष्मे काढले. मग सगळे चालू लागले, एकेक पाऊल टाकत, लोंबीवर नजर. दुपारी चहाची किटली घेऊन जावई समोरच्या बांधावर आला आणि मधल्या ओळीच्या टोकाला, भाताच्या वर डोकं काढून उभा राहिला. मिशी आता पुरती वाढली होती, दोन्हीकडे पीळ दिलेली.

शिकायला आलेल्यांतली एक मुलगी चेष्टेने ओरडली, "मावशी, तुमच्या ओळीत एक राहिलाय."

मावशीने चष्मा सारखा केला आणि त्याला खालपासून वरपर्यंत नीट पाहून घेतलं.

"तो राहू दे," ती म्हणाली. "तो आपल्याच बियाण्यातला आहे."